बारा आठवड्यांचे डबे

रविवार आला की मुकादम सकाळी सातला लेकीच्या स्वयंपाकघरात शिरत, ते दुपारी दोनलाच बाहेर पडत. मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या भटारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सोळा मुकादम म्हणून, आणि तिथून निघताना पेन्शन, गुडघेदुखी आणि हे नाव एवढं बरोबर आणलं. नाव इतकं चिकटलं की जावईसुद्धा कौतुकाने त्यांना मुकादमच म्हणायचा. लेक मात्र बाबा म्हणायची, आणि सात वर्षांची नात, जिला घरात सगळे ठकी म्हणत, ती आजोबा म्हणायची.

तर रविवार सकाळ. चार शेगड्यांवर चार पातेली. एकात वाटाणे, एकात घेवड्याच्या बिया, एकात कोंबडीचा रस्सा, आणि चौथ्यात नुसता कांदा-टोमॅटो, जो पुढे कशातही घालता यावा. ओट्यावर पसरट ट्रे मांडलेले, कारण गरम अन्न खोलगट भांड्यात ठेवलं तर मधोमध ते तासन् तास गरम राहतं आणि नासतं. ते पसरून झटपट निववायचं, मगच डब्यात भरायचं. डबा काठोकाठ भरायचा नाही, बोटभर जागा सोडायची, कारण रस्सा गोठताना फुगतो. बटाटा घालायचा नाही, तो गोठला की भुसभुशीत होतो. आणि पट्टी लावल्याशिवाय एकही डबा फ्रीझरमध्ये जाणार नाही. आत काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खायचं, सगळं पट्टीवर. भटारखान्यात बिनपट्टीचा डबा सापडला की मुकादम तो सगळ्यांच्या देखत कचऱ्यात ओतायचे, मग आतलं अन्न कितीही ताजं असो. तोंडी सांगितलेलं त्यांच्या लेखी सांगितलेलंच नसे, आणि लिहिलेलं म्हणजे सगळ्यांनी वाचलेलंच.

एवढं फक्त ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मुकादम या घरात आले सव्वा वर्षापूर्वी, आणि आले ते तीन आठवड्यांसाठी. लेक पार्सलच्या मोठ्या गोदामात कामगारांच्या पाळ्या लावायची. तिथल्या ओल्या उतारावर पाय घसरून तिचा घोटा मोडला. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याला कधी कुठून बोलावणं येईल याचा नेम नाही. मुकादमांनी तीन शर्ट बॅगेत टाकले आणि पहिली गाडी पकडली. घोटा सात आठवड्यांत ठणठणीत झाला. त्यानंतर तुम्ही जा असं कुणी म्हणालं नाही, राहा असंही कुणी म्हणालं नाही. मुकादमांनीही ब्र काढला नाही. असं करता करता सव्वा वर्ष उलटलं.

डब्यांचं सुरू झालं तेही असंच, कुणी न ठरवता. मुकादमांना चारशे माणसांचा अंदाज डोळे मिटून सांगता यायचा, पण चौघांचा म्हटलं की हात चाचपडायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मसूर शिजवले ते असे की गल्ली जेवली असती. उरलेले त्यांनी सवयीने डब्यांत भरून, पट्ट्या लावून गोठवून टाकले. गुरुवारी लेक कुबडी घेऊन गोदामात अर्धा दिवस जाऊन आली, डबा गरम केला, पाच मिनिटांत संपवला आणि तिथेच ओट्याला टेकून रडली. कित्येक वर्षांत घरी आल्यावर आयतं ताट मिळालं नव्हतं, म्हणाली. ते ऐकून कुठल्या बापाचा जीव हलणार नाही? पुढच्या रविवारी मुकादमांनी अठरा डबे भरले.

आता गंमत बघा. डबे होते कशासाठी, तर आठवडा धावपळीचा असतो म्हणून. पण डबे आले आणि आठवडा आणखीच धावपळीचा झाला. जेवणाची काळजी मिटली म्हणून लेकीने संध्याकाळची जादा पाळी पत्करली. जेवणाची काळजी मिटली म्हणून जावयाने पलीकडच्या वस्तीतल्या लिफ्टही अंगावर घेतल्या. जेवणाची काळजी मिटली म्हणून ठकीचं पोहणं सुरू झालं, मग चित्रकला, मग आणखी कसलं तरी. तिला सगळीकडे नेणार-आणणार कोण, तर आजोबा. चौघं एका टेबलाशी बसून जेवत फक्त शनिवारी दुपारी. एरवी जो येईल तो डबा काढणार, गरम करणार, उभ्याउभ्या खाणार आणि डबा विसळून ठेवणार. कोण कुठे आहे, कधी येणार आहे, सगळं फ्रीजच्या दारावर कागदांनी चिकटवलेलं. त्या दाराकडे मुकादम बघतच नसत. लेक-जावयाच्या पाळ्यांचे कागद, त्यात आपण काय नाक खुपसायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं कागदपत्र म्हणजे डब्यांवरच्या पट्ट्या.

मुकादम झोपत ठकीच्या खोलीत, दुमजली खाटेच्या खालच्या मजल्यावर. उठून बसलं की डोकं वरच्या फळीला लागायचं. खोलीच्या दाराबाहेर बोळात उभा फ्रीझर, तो दर वीस मिनिटांनी घरघरायला लागायचा. पडल्या पडल्या मुकादमांना वाटायचं, हे काय होऊन बसलं? एकतीस वर्षं मोठमोठ्या टोपांपुढे उभे राहून निवृत्त झालो, त्या दिवशी ठरवलं होतं की आता तळहातापेक्षा मोठा डाव हातात धरायचा नाही. आणि बघा. त्यांना अक्षरशः कोंडल्यासारखं व्हायचं. बरं, कोंडणारं कुणी दाखवावं तर तेही नाही. घरात सगळी गुणाची माणसं. लेक येता-जाता खांद्यावर हात ठेवायची, जावई दुखऱ्या गुडघ्यासाठी मलम आणायचा. भांडायचं तरी कुणाशी? मुकादमांना चीड यायची आणि ती कुणावर काढावी हे न कळल्यामुळे ते पातेली घासत बसायचे.

त्यांना काय हवं होतं ते अगदी साधं होतं. त्यांच्या गावी त्यांच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या, पण सत्तावीस वर्षांच्या. बायको तिथेच गेली, नऊ वर्षांपूर्वी. तिच्यामागे त्यांनी तिथेच एकट्याने राहायची सवय केली आणि ती सवय त्यांना चक्क आवडू लागली. सकाळी उठून एक अंडं उकडायचं. खिडकीपाशी खुर्चीत बसून रस्ता बघायचा. संध्याकाळी इस्पितळातला जुना कंपाउंडर यायचा, त्याच्याबरोबर सोंगट्यांचा एक डाव, हरणारा चहा करणार. आज काय करू, उद्या काय करू, असं तिथे त्यांना कुणी विचारत नसे. माणसाला म्हातारपणी एवढं मागता येऊ नये?

आणि एका बुधवारी मालकीणबाईंचा फोन आला. भाडं वेळेवर पोचत होतं, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण खोल्या वर्षभर बंद, खिडकी उघडत नाही, भिंतींना बुरशी धरली आहे. त्यांना तिथे राहता माणूस हवा होता. महिनाअखेरपर्यंत तुम्ही या, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला देते, राग मानू नका, असं त्या म्हणाल्या. मुकादमांना राग कसला येतोय, त्यांना हायसं वाटलं. कुणीतरी तारीख दिली होती. ते म्हणाले, एकोणतीस तारखेला येतो, बुधवार आहे. फोन ठेवला आणि त्याच दुपारी ठकीला पोहायला सोडून ते गाडीच्या तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

आता उरलं फक्त लेकीला सांगणं. आणि तिथेच घोडं अडलं.

पहिल्यांदा ते गुरुवारी सकाळी सांगायला गेले, तर लेकीच्या एका कानाशी फोन आणि दुसऱ्या हातात ठकीचा मोजा. तिने डोळ्यांनीच काय म्हणून विचारलं, आणि हे म्हणाले, मीठ संपत आलंय. दुसऱ्यांदा शनिवारी जेवताना सांगायचं ठरवलं. घसा खाकरला. तेवढ्यात लेक जावयाला म्हणाली, बाबा नसते तर आपलं काय झालं असतं कोण जाणे. झालं. मुकादमांनी सगळ्यांना रस्सा वाढला. एवढे साठ माणसांवर हुकूम चालवलेले मुकादम, पण पोटच्या पोरीसमोर तोंडातून शब्द फुटेना.

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. भटारखान्यातून रजेवर जाणारा माणूस काय करतो? मागच्यांसाठी तयारी करून ठेवतो, पट्ट्या लावतो आणि जातो. गोठवलेलं अन्न तीन महिने चांगलं राहतं, म्हणजे बारा आठवडे. तर आपण बारा आठवड्यांचे डबे भरून ठेवायचे. तोवर ही मंडळी आपली आपण सावरतील. आणि पट्ट्या बघितल्या की बोलायची गरजच काय? न कळायला ती काय दूधखुळी आहेत?

त्यांनी जे काम उपसलं ते बघण्यासारखं होतं. रविवार पुरेना म्हणून मंगळवार-गुरुवारही दुपारी, ठकी शाळेत असताना, पातेली चढू लागली. जागा पुरावी म्हणून डब्यांऐवजी जाड पिशव्या, त्या आडव्या गोठवून पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या. फ्रीझरच्या सहा कप्प्यांत प्रत्येकी दोन आठवडे. पट्ट्यांवर नेहमीच्या तारखांबरोबर आठवड्याचा आकडा, एक ते बारा, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवणे. मंद आचेवर. मीठ घातलेले आहे, पुन्हा घालू नये. ठकीच्या वाट्याचे वेगळे, तिखट नाही. हे सगळं स्वतः रोज घरात असणारा माणूस कशाला लिहील? मुकादमांच्या मते ते राजीनाम्याइतकं स्पष्ट होतं. फक्त ‘मी जातोय’ हे दोन शब्द त्यांनी कुठे लिहिले नाहीत. आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवसांत त्यांना बरं वाटत होतं. प्रत्येक पिशवीगणिक आपण दाराकडे एक पाऊल सरकतोय, असं वाटून ते कांदे चिरताना शीळही घालायचे.

बावीस तारखेला शेवटची पिशवी आत गेली. त्या संध्याकाळी लेक दमून आली, काहीतरी काढायला म्हणून तिने फ्रीझर उघडला आणि तशीच उभी राहिली. एक कप्पा ओढला, दुसरा ओढला. पट्ट्या वाचत गेली. एक, दोन, पाच, आठ, बारा. मुकादम स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला कळलं होतं तर. आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.”

“बोलायचं काय त्यात,” मुकादम म्हणाले.

“तुमची हरकत नाही ना? खरंच?”

मुकादमांना वाटलं, माझी कसली हरकत, हरकत असली तर तुझी असणार. ते म्हणाले, मुळीच नाही. लेक त्यांच्या गळ्यात पडली. किती दिवस झोप नव्हती, म्हणाली, आता उद्या सकाळी पहिलं काम तेच. मुकादमांनी तिच्या पाठीवर थोपटलं. सुटलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग लेकीबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांचेही डोळे ओले झाले. आपली पोर किती समंजस निघाली, ओरड नाही, रडारड नाही. त्या रात्री सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांना फ्रीझरची घरघर ऐकू आली नाही.

शनिवारी दुपारच्या जेवणाला जावई केक घेऊन आला. मुकादमांना वाटलं, निरोपाचा असेल. जरा संकोचलेच ते. जावयाने केक कापला, पहिला तुकडा लेकीला भरवला आणि म्हणाला, नव्या साहेबांना. मग सगळं उलगडत गेलं. गोदामवाल्यांनी दुसऱ्या शहरात नवं गोदाम काढलं होतं. ते उभं करून द्यायला तीन महिने तिथे जाऊन राहायचं, फक्त रविवारी घरी यायचं, आणि परतल्यावर इथल्या सगळ्या गोदामाचा कारभार तिच्या हातात. अकरा वर्षं ती या जागेसाठी झिजत होती. दोनदा दुसऱ्याच कुणाला दिली होती. या वेळी पत्र आलं, तर घरात ठकी, नवरा दिवसरात्र बाहेर, आणि बाबांवर एवढं ओझं टाकायचं कसं? तोंडाने विचारलं तर बाबा नाही म्हणायचेच नाहीत, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने ते पत्र फ्रीजच्या दारावर लावलं. बाबा वाचतील, त्यांना जमणार नसेल तर कुठून ना कुठून दिसेलच. पंधरा दिवस पत्र दारावर होतं. आणि बाबांनी उत्तर काय दिलं, तर बरोब्बर तीन महिन्यांचे डबे भरून ठेवले.

“मी एक तारखेला निघणार,” लेक म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मुकादमांना ती शाळेत पहिली आली होती तो दिवस आठवला. “तुम्ही आहात म्हणून, बाबा. दुसरं कुणी असतं तर मी ठकीला सोडून पाऊल उचललं नसतं.”

मुकादमांनी फ्रीजच्या दाराकडे पाहिलं. होतं तिथे पत्र, पोहण्याच्या वेळापत्रकाशेजारी, दोन लोहचुंबकांखाली. केकचा घास त्यांच्या तोंडात फिरत राहिला.

जावई रंगात आला होता. परवा एका इमारतीत तिघं लिफ्टमध्ये अडकले, त्यांची हकीकत तो ठकीला सांगत होता. अडकलेली माणसं म्हणे सगळी बटणं दाबतात, दार बडवतात, एकमेकांना धीर देतात, पण समोर फोन लावलेला असतो तो उचलून कुणी बोलत नाही. अर्धा तास ते आत आहेत हे बाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. ठकी खदखदून हसली. मुकादमांना वाटलं हा आपल्यालाच ऐकवतोय, पण तसं काही नव्हतं, बिचारा केक खात होता.

त्या दिवशी मुकादमांनी दोन तास ठकीच्या तलावाशी बसून काढले आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. म्हाताऱ्या, तोंड दिलंय कशाला? तिकीट खिशात होतं. बुधवारी गाडी होती. ते नाही गेले तर खोली जात होती, आणि एकदा गेली की त्यांच्यासाठी जगात ती दुमजली खाट सोडून दुसरी जागा उरत नव्हती. तीन महिन्यांचा प्रश्न नव्हता हा. हा कायमचा प्रश्न होता. आता मूग गिळून बसलो तर संपलो, हे त्यांना लख्ख कळलं, आणि त्यांनी ठरवलं की उद्या बोलायचं.

रविवारी शेगड्या बंद होत्या. फ्रीझरमध्ये बोटही शिरायला जागा नव्हती. जावई कामावर गेला होता, ठकी आत चित्र काढत होती. लेक टेबलाशी बसून पुढच्या तीन महिन्यांचं ठकीचं वेळापत्रक लिहीत होती. मुकादम तिच्यासमोर बसले आणि एका दमात म्हणाले, “मी बुधवारी जातोय.”

“कुठे?” तिने मान वर न करता विचारलं.

“घरी.”

तिचा हात थांबला. “घरी म्हणजे?”

तो प्रश्न मुकादमांना फार लागला, पण त्यामुळे पुढचं बोलणं सोपं गेलं. त्यांनी सगळं सांगितलं. मालकीणबाईंचा फोन, बुरशी, महिनाअखेर, गाडीचं तिकीट. मला तिथे एकट्याला बरं वाटतं, हेही सांगितलं. मला दमायला होतं, हेही सांगितलं. हे दोन्ही त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

“मग ते डबे?”

“मी गेल्यावर तुमची आबाळ होऊ नये म्हणून. मला वाटलं तुला पट्ट्या वाचून कळलं.”

“आणि मला वाटलं, तुम्ही पत्र वाचलंत.”

दोघांनाही हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. लेकीने वेळापत्रकाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. ती चिडली असती, दोन शब्द जास्त बोलली असती, तर मुकादम त्याच पावली बॅग उचलून निघाले असते. माणसाला तेवढा आधार पुरतो. पण ती चिडली नाही. सव्वा वर्ष मी तुम्हाला राबवलं आणि एकदाही विचारलं नाही, असं ती म्हणाली आणि तिने फोन हातात घेतला. साहेबांना आत्ताच कळवते, जमत नाही म्हणून. मुकादम म्हणाले, असं कसं, शब्द दिलाय तू. ती म्हणाली, मग काय झालं, दुसऱ्या कुणाला देतील, आधीही दोनदा दिलंय. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. ती मनापासून नाही म्हणणार होती. आणि हातात आलेली जागा नाकारणाऱ्याला पुन्हा कुणी विचारत नाही, हे त्यांना नोकरीतून पक्कं माहीत होतं.

मग तिच्या डोक्यात आलं. “बाबा, मालकीणबाई तीन महिने थांबणार नाहीत का? विचारून तर बघा. थांबल्या तर प्रश्नच मिटला. आणि नाही म्हणाल्या तर मी लगेच साहेबांना फोन करते, तुम्ही बुधवारी जायचं. तुमची खोली जाता कामा नये.”

मुकादम फोन घेऊन गॅलरीत गेले आणि काचेचं दार ओढून घेतलं. मालकीणबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. तीन महिन्यांचं काढताच त्या मध्येच म्हणाल्या, नाही हो, तेवढं नाही जमणार. उद्या सकाळी शाळेतल्या एक बाई आणि त्यांची आई खोली बघायला यायच्या होत्या. लगेच राहायला येतो म्हणत होत्या.

“पण मुकादम, तुम्ही जुनं माणूस,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येणार असाल तर मी त्यांना आत्ता फोन करून येऊच नका म्हणते. मला एकदा सरळ सांगा. बुधवारी येताय का?”

इतकं सरळ त्यांना गेल्या सव्वा वर्षात कुणी विचारलं नव्हतं. त्यांना हो म्हणायचं होतं. छाती भरून हो म्हणायचं होतं. त्यांनी काचेतून आत पाहिलं. लेक टेबलाशी ताठ बसली होती, समोर फोन पालथा ठेवलेला, दोन्ही हात त्याच्या दोन बाजूंना. तिने घडी केलेला कागद पुन्हा उलगडला नव्हता.

“द्या त्यांना,” मुकादम म्हणाले.

मालकीणबाई बरं म्हणाल्या. मग त्यांनी सामानाचं विचारलं. मुकादमांनी सांगितलं, खाट आणि कपाट त्या बाईंना हवं असेल तर राहू द्या. खिडकीपाशी खुर्ची आहे, ती कंपाउंडरला द्या. सोंगट्याही द्या. भांड्यांचं काही नाही, भांडी इथे ढीगभर आहेत. बायकोचा फोटो तेवढा कुणाबरोबर तरी पाठवा. मग त्यांनी फोन बंद केला, पण लगेच आत गेले नाहीत. खाली रस्त्यावरून एक माणूस सायकल ढकलत चालला होता, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बघत राहिले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, ते आलं नाही.

दार सरकवून ते आत आले. लेक उभी राहिली.

“काय म्हणाल्या?”

“थांबते म्हणाल्या.”

“तीन महिने?”

“तीन काय, कितीही, म्हणाल्या. जुनं माणूस, खोली तुमचीच आहे, म्हणाल्या.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हात काढले तेव्हा ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने एका क्षणात विश्वास ठेवला. इतक्या लगेच ठेवायला नको होता, असं मुकादमांना वाटून गेलं, पण ती आता त्यांचे हात हातात घेऊन बोलत सुटली होती. मधल्या काळात ती दर रविवारी येणार होती आणि त्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नव्हतं. आणि बघा बाबा, म्हणाली, नुसतं तोंडाने विचारलं की सगळं होतं, आपण उगाच मनात ठेवतो.

“आणि तीन महिने झाले ना, की मी स्वतः सुट्टी काढून तुम्हाला सोडायला येणार,” ती म्हणाली. “खोल्या झाडून पुसून देईन, खिडक्या उघडेन, सगळं लावून देईन. मगच परत येईन.”

“ये,” मुकादम म्हणाले. “सावकाश ये.”